पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून

माघातला दुसरा रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. रक्कम चार लाख साठ हजार रुपये, कर वेगळा. जागा निरगुडसरच्या वरच्या माळावरची आपली वाइनरी, त्यातली पिंपांची खोली. हजर माणसं चार: मी, माझा मेव्हणा आणि एक तृतीयांश हिश्शाचा भागीदार संपत, बबन मिस्त्री, आणि पुण्याहून आलेला काचेचा ठेकेदार. विषय एकच. पश्चिमेची दगडी भिंत मधोमध बारा फूट फोडून तिथे काच बसवायची की नाही.

तू नव्हतास, किशोर. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता.

तुझ्याबद्दल जे छापून यायचं ते आलं. कॉलेज कुठलं, इमारती किती, मंचरच्या पेठेतलं तुमचं कापडाचं दुकान किती जुनं. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. त्यात एक ओळ होती, ‘आधुनिक वाइनरीचे रचनाकार’. ती वाचून तू हसला असतास, आणि मग तो पेपर बाईंच्या हाती लागू नये म्हणून घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला असतास. आईला ‘बाई’ म्हणणारं तुमचं घर, आणि त्या घरातला तू.

हे काम तुला द्यायचं ठरवलं तेव्हा संपतने मला विचारलं होतं, “दाजी, ज्यो मानूस दारूच्या वासानं रस्ता बदलतो, त्याला वाइनरी बांधाया देता व्हय?”

मी म्हणालो, “चौथीपासून ओळखतो. त्याला जे कळत नाही ते तो विचारतो.”

हे खरंच होतं. तुझ्याआधी दोन आर्किटेक्ट येऊन गेले. एकाने फ्रान्समधले फोटो दाखवले, दुसऱ्याने छतावर पिंपाच्या आकाराचा घुमट काढून आणला. दोघांपैकी एकानेही मला द्राक्षं किती टन होतात हे विचारलं नाही. तू पहिल्याच दिवशी विचारलंस, आणि मी आकडा सांगितल्यावर म्हणालास, “ओल्या का सुक्या वर्षीचा?” काम तुझं, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

तुझ्या अटी दोन. तुला आग्रह करायचा नाही, उद्घाटनालासुद्धा नाही. आणि तुझी फी खायच्या द्राक्षांच्या पैशांतून द्यायची, वाइनच्या नाही. मी म्हणालो, पैशाला वास नसतो. तू म्हणालास, “मला येतो, राव.” मग मी प्रत्येक हप्ता खायच्या जंबो द्राक्षांच्या पेट्यांच्या खात्यातून दिला. तो हिशोब पुरा झाला आहे, हे इथेच नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाच्या मनात शंका नको.

नाशिककडच्या एका ओळखीच्या वाइनरीत आपण हंगामात चार दिवस राहिलो, ते आठवतं? तू उलट्या क्रेटवर बसून नुसता बघत होतास. मजूर क्रेट खांद्यावर चढवत होते, द्राक्षं वर जात होती, खाली येत होती, पंपाने पुन्हा वर. तिथल्या तज्ज्ञ बाईंना तू विचारलंस, “हे सारखं वर का चढवता?” त्या म्हणाल्या, “पंपाने ढकललं की बिया भरडतात आणि कडवटपणा उतरतो. आम्हालाही नको असतं. पण इमारत सपाट आहे, काय करणार?” येताना आळेफाट्याला थांबलो. फाट्यावर चहा घेताना म्हणालास, “बाजाराच्या दिवशी बेल्ह्याला चल.”

मला वाटलं बैल बघायचेत. तू बाजारात शिरलास तो थेट जनावरं उतरवायच्या मातीच्या उताराकडे. टेम्पो मागे घेऊन त्या उताराला लावतात, टेम्पोचा तळ आणि जमीन एका पातळीत येते, आणि म्हैस उडी न मारता चालत बाहेर पडते. तू खिशातून टेप काढलास. एका व्यापाऱ्याने बघितलं आणि विचारलं, “काय शेठ, गाय बघताय का म्हैस?”

“उतार बघतोय,” तू म्हणालास. “केवढ्याला देता?”

“त्यो माझा न्हाई, गावचा हाय. म्हैस घ्या, उतार फुकाट बघा.”

आपली वाइनरी तिथे सुरू झाली. निरगुडसरच्या माळाच्या उतारावर तू तीन टप्पे पाडलेस. वरच्या टप्प्यावर टेम्पो मागे येतो, क्रेट सरकतात, कोणाला वाकावं लागत नाही. तिथून द्राक्षं आपल्या वजनाने टाक्यांत पडतात. टाक्यांतून वाइन आपल्या वजनाने खालच्या, अर्ध्या जमिनीत असलेल्या खोलीतल्या पिंपांत उतरते. पंप मी घेऊन ठेवला होता, बासष्ट हजारांचा. तो आता विहिरीवर आहे.

दगडही विहिरीचाच. माझ्या वडिलांनी विहीर खोदली तेव्हाचा काळा दगड बांधावर ढीग होऊन पडला होता, तीस वर्षं त्यावर घोरपडी ऊन खात होत्या. मी तो खडी करायला विकणार होतो. तू दोन फूट जाडीची भिंत धरून ढिगाचं माप काढलंस आणि म्हणालास, पुरतो, वर थोडा उरतो. तो उरलेला थोडा पुढे कामाला आला, ते सांगतोच.

तुला वाइनची चव माहीत नव्हती, पण वाइनला काय सोसत नाही हे तू माणसाच्या दुखण्यासारखं समजून घेतलंस. रस आंबताना जो वायू निघतो तो जड असतो, तळाशी साचतो आणि माणसाचा जीव घेऊ शकतो, हे ऐकल्यावर तू म्हणालास, “म्हणजे जुनी विहीर. आधी कंदील सोडायचा, मग उतरायचं.” आणि तू घोट्याच्या उंचीला, उताराच्या बाजूला झरोके ठेवलेस. वायू पाण्यासारखा आपोआप वाहून जातो. पंखे आहेतच, पण वीज गेली तरी भीती नाही.

चिलटांचंही तसंच. रस उघडा असला की चिलटं येतात आणि त्यात बुडून मरतात. तुला ते बघवेना. तू दोन दारांच्या मध्ये अकरा फुटांचा काळोखा बोळ काढलास. चिलट उजेडाकडे जातं, अंधारात शिरत नाही. मी म्हणालो, “किशोर, चिलटांसाठी अकरा फूट बांधकाम? स्क्वेअर फुटाचा भाव माहितीय ना?” तू म्हणालास, “जीव आहे तो.” नंतर नाशिकच्या त्या बाई पाहायला आल्या आणि त्यांनी त्या बोळाचा फोटो काढून नेला. चिलटांच्या पायांनी वाइनचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो म्हणे. तुझ्या धर्माचं आणि वाइनचं एवढं जमेल असं आपल्या दोघांनाही वाटलं नव्हतं. तुला त्याचा आनंद झाला की ओशाळलास, हे मला तेव्हाही ओळखता आलं नाही.

यावरून आपला जुना वाद. मी म्हणायचो, तू नुसती भिंत बांधत नाहीस, तू या धंद्यात आहेस, तेवढं कबूल कर. तू म्हणायचास, “मी द्राक्षांना घर बांधलंय. पुढे त्यांनी काय व्हायचं ते त्यांचं.” मी म्हणायचो, ही पळवाट आहे. तू म्हणायचास, “असेल. पण वाट तर आहे.” हा वाद मिटला नाही. बाईंनी मात्र तो तीन वाक्यांत मिटवला होता, तूच सांगितलंस. त्यांनी विचारलं, “तिथं काय करतात रे?” तू म्हणालास, “द्राक्षाचा रस साठवतात.” “किती दिवस?” “दोन वर्षं.” बाई म्हणाल्या, “मग तो रस राहत नाही.” पुन्हा त्यांनी विचारलं नाही. तुला थांबवलंही नाही.

तू पीत होतास तो पहिल्या दिवसाचा रस. सकाळी पिळलेला, गार, अजून काहीही न झालेला. पहिल्या हंगामाला एक पेला प्यालास आणि पाच लिटरचा कॅन घरी बाईंसाठी घेऊन गेलास, पुढे दर हंगामाला तेच. दुसऱ्या दिवसापासून टाकीकडे बोट करून नुसतं विचारायचास, “आता काय झालंय?” मी चव घेऊन सांगायचो, “आंबट. कालच्यापेक्षा कमी.” तू वैतागायचास. “दत्त्या, बँकेचं व्याज सांगतोस का चव?”

आता भिंतीकडे येतो.

सूर्य मावळल्यावर तू पाणीही घेत नसायचास. त्यामुळे कामावर आलास की संध्याकाळी तुझी घाई सुरू व्हायची. बरोबर स्टीलचा डबा. पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेर, जमिनीवर बसून, दगडाला पाठ लावून तू जेवायचास. समोर डोंगरांची रांग, वर लाल आभाळ, आणि तुझं लक्ष डब्यात. मी म्हणायचो, आत येऊन खुर्चीवर बस. तू म्हणायचास, “इथे पाठ शेकते.” तुझ्या पाठीने तू भिंत मोजत होतास, हे मला हळूहळू कळलं. एकदा मला उठवून आत नेलंस आणि त्याच दगडाच्या आतल्या बाजूला माझा तळहात टेकवलास. बाहेर तव्यासारखा दगड, आत माठासारखा. “उन्हाला आत पोचायला दोन फूट चालावं लागतं,” तू म्हणालास. “अर्ध्या वाटेत रात्र होते. बाहेर गार पडतं आणि ऊन माघारी फिरतं.”

तीन हंगाम वाइन झाली, विकलीही गेली, पण पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. तो प्रश्न संपतने काढला. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. शिवनेरी बघायला, भीमाशंकरला जायला पुण्याची माणसं येतात. ती आपल्याकडे आली तर बाटली दुकानापेक्षा चांगल्या भावाने जाते, आणि बँकेचा हप्ता सुखाने निघतो. तो म्हणाला, “लोक वाइन प्यायला न्हाई येत दाजी, फोटू काढाया येत्यात. पिंपांच्या मधी टेबलं मांडू, म्होरं काच, काचंत सूर्य.” मलाही ते पटलं होतं. मी तुला तसं सांगितलं आणि तू पहिल्यांदा आवाज चढवलास.

“पश्चिमेला काच? मग दगड कशाला रचला? पत्रा लावायचा होता.”

“एसी लावू.”

“उन्हाला आत बोलवायचं आणि मग त्याला हाकलायला वीज जाळायची.”

“किशोर, पिणाऱ्याला काय हवं असतं ते तुला कसं कळणार? तू कधी ग्लास तरी हातात धरलायस?”

तू शांत झालास. म्हणालास, “पिणाऱ्याचं तू बघ. मी पिंपातल्याचा वकील आहे.”

नंतर फोनवर बोललो तेव्हा ताणलेलं काही नव्हतं. तू म्हणालास, “पुढच्या आठवड्यात येतो. भिंतीपाशी बसून बोलू. डबा दोघांचा आणतो.” मी म्हणालो, मेथी आण. बस, एवढंच. यापेक्षा मोठं काही आपण एकमेकांना सांगितलं असतं असंही मला वाटत नाही. तरी तो डबा राहिला.

तर त्या रविवारी काचेचा माणूस लेसरने माप घेत होता. हुशार मुलगा, अदबीने बोलणारा. म्हणाला, “सर, डबल ग्लास देतो. उष्णता येणारच नाही.”

“किती येणार नाही?”

“जवळजवळ नाहीच.”

“जवळजवळ म्हणजे किती अंश?”

त्याने संपतकडे पाहिलं. संपत म्हणाला, “आमच्या दाजींना जवळजवळ चालत न्हाई. तुमी आकडा बोला.” आकडा त्याच्याकडे नव्हता. फोन करून कळवतो म्हणाला.

बबन मिस्त्री तोवर भिंतीजवळ हात मागे बांधून उभा होता. ही भिंत त्यानेच रचली. मी विचारलं, “मिस्त्री, फोडता येईल ना?”

“येईल की. रचाया दोन म्हैने लागलं, फोडाया दोन दिस.” मग म्हणाला, “द्राक्षं कवा येनार?”

“पंधरा दिवसांत.”

“मंग आजच सांगा. काय ते.”

संपत म्हणाला, “सांगायचं काय त्यात. शेठ व्हते तवर त्यांच्या शब्दाला मान दिला. आता आपल्यालाच बघायचंय.” त्यात त्याने वाईट अर्थाने काही म्हटलं नाही. तू गेल्यावर तो माझ्याआधी मंचरला पोचला होता. पण त्याचंही घर यावर चालतं, आणि भागीदाराला नुसतं ‘किशोरला आवडलं नसतं’ असं सांगून गप्प बसवणं मला बरोबर वाटेना. मी म्हणालो, संध्याकाळी सांगतो.

दुपारी चारला मी दोन्ही तापमापक पाहिले. बाहेर तेहतीस, पिंपांशी वीस. हा आकडा भिंतीच्या बाजूचा. पण बँकेचा हप्ता काचेच्या बाजूचा. दोन्ही मांडून पाहिले, मला उत्तर निघेना. म्हणून सूर्य कलल्यावर मी बाहेर जाऊन तुझ्या जागेवर बसलो. एवढ्या वर्षांत मी तिथे कधीच बसलो नव्हतो. तू जेवायचास, मी समोर उभा राहून बोलायचो, डोंगराकडे माझी पाठ असायची.

वारा गार सुटला होता. पाठीला दगड कोमट लागत होता, नंतर चांगला ऊन. आवळलेले खांदे सैल झाले. समोर सगळी रांग निळी पडत गेली. मध्ये काही नव्हतं, काचही नव्हती.

थोड्या वेळाने संपत मला शोधत आला. “हितं काय करताय, दाजी?”

“बस.”

तो बसला. पाठ टेकली आणि दचकून पुढे झाला. “आयला, गरम हाय की ही.” पुन्हा टेकला. मग खिशातून मोबाइल काढला आणि सूर्याचा फोटो काढला. मी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याचं त्यालाच हसू आलं.

“टेबलं हितंच मांडायची का?” त्याने विचारलं.

“टेबलं नको. ओटा.”

“आन् पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात सूर्य काचेतूनही दिसणार नव्हता.”

“ह्ये बाकी खरं,” तो म्हणाला. “चार लाख साठ हजार वाचलं.” आणि मग, “शेठनी सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

तू सरळ सांगितलं नाहीस, कारण तुलाही ते ठाऊक नव्हतं. तू इथे पाहुण्यांसाठी बसत नव्हतास, दिवस बुडायच्या आत जेवायला बसत होतास. आपण ज्या खोलीवरून भांडत होतो ती बाहेर तयार होती, आणि तिच्यात बसणारा पहिला माणूस आयुष्यात एक थेंब न प्यालेला. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघ, तरी म्हणतोस मी धंद्यात आहे.

विहिरीच्या ढिगातला उरलेला दगड ओट्याला पुरला. लांबी बावीस फूट, उंची सोळा इंच. बबन मिस्त्रीला वाटत होतं, तू जिथे बसायचास तेवढी दोन फूट जागा मोकळी सोडावी. “शेठ जमिनीवर बसायचं. तेवढं तसंच ऱ्हाऊ द्या.” मी सोडू दिली नाही. बसायला केलेल्या ठिकाणी बसता येऊ नये, असलं काम तू मंजूर केलं नसतंस. तिथेही ओटा आहे, आणि गेल्या शनिवारी चाकणच्या एका जोडप्याची लहान मुलगी तिथे पाठ टेकून बसल्या बसल्या झोपून गेली.

आता देण्याघेण्याचं. काचेचा ठेकेदार फुकट फेरी मारून गेला, त्याला पेट्रोल आणि टोलचे पंधराशे दिले. नको म्हणत होता, घेतले. बबन मिस्त्री आणि दोन गडी, चार दिवसांची मजुरी, सोळा हजार आठशे, बबनच्या हातात.

काल पांढरी द्राक्षं आली. सकाळी पिळली, रस गार केला, पाच लिटरचा कॅन भरून मी मंचरला निघालो. रस्त्यात पारगावच्या कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या होत्या, म्हणून उशीर होतो की काय असं वाटलं. पोचलो तेव्हा दारात ऊन होतं. वहिनींनी कॅन घेतला. बाई पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “आजचाच ना?”

“आजचाच, बाई. सकाळचा.”

वहिनींनी पेला आणला. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, सूर्य अजून वर आहे याची खात्री केली, आणि सगळा प्यायल्या. या वर्षीचं तुझं देणं, पहिल्या दिवसाचा रस, पाच लिटर, दिवस मावळायच्या आत, बाईंना पोचलं.